एअर फोर्स रिझर्व्हमध्ये फ्लाइट ऑपरेशन्सचं पार्ट-टाइम काम, नोकरी सांभाळून जमतं का?

पतंगवाला:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज एकदाचं विचारूनच टाकतो. वय ३६, अमेरिकेची सिटिझनशिप मिळून थोडा काळ झालाय, ओसीआय कार्ड आहे, नोकरी सप्लाय चेनमधली, म्हणजे कुठला ट्रक कधी कुठे पोचणार आणि नाही पोचला तर कोणाला फोन करायचा हे दिवसभर. विमानांचं वेड पहिल्यापासून, पण पायलट व्हायचं वय गेलं आणि चष्मा तर पाचवीपासून आहे. मध्यंतरी एअर फोर्स रिझर्व्हच्या रिक्रूटरशी बोलणं झालं, तो म्हणाला एव्हिएशन रिसोर्स मॅनेजमेंट नावाचा ट्रेड आहे, कोड १सी०एक्स२, स्क्वाड्रनमध्ये कोण उडणार कोण नाही, फ्लाइट ऑथरायझेशन, सगळे रेकॉर्ड्स हे तिथूनच चालतं, तुझ्या शेड्युलिंगच्या अनुभवाला एकदम फिट्ट बसेल. ऐकायला भारी वाटलं. पण रिक्रूटर म्हणजे शेवटी सेल्समनच ना, "महिन्यातला एक वीकेंड, वर्षातले दोन आठवडे, बस्स" हे तो इतक्या वेळा म्हणाला की मलाच शंका यायला लागली.

तर कोणी प्रत्यक्ष हे काम केलंय का? दिवसभर नक्की करतात काय? एक वीकेंड म्हणजे खरंच एक वीकेंड असतो का? आणि ऑफिसात सांगितल्यावर बॉस तोंड वाकडं करणार हे गृहीत धरलंय, पण नोकरीला धोका आहे का ते कळलं तर बरं. बायको सध्या "आधी नीट माहिती काढ मग बोलू" या मोडमध्ये आहे.

कागदी_विमान:
मी करते हे काम. सी-१७ ही मालवाहू विमानं उडवणाऱ्या रिझर्व्ह स्क्वाड्रनमध्ये, ट्रॅडिशनल रिझर्व्हिस्ट म्हणजे पार्ट-टाइमवाली म्हणून, बाकी महिनाभर हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये नोकरी. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी काम काय ते. आमच्या डेस्कला सार्म म्हणतात, स्क्वाड्रन लेव्हलचं ऑफिस, आणि बेस लेव्हलवर असतं ते हार्म. तुमच्या रिक्रूटरने "फ्लाइट ऑपरेशन्स" म्हटलं की डोळ्यासमोर हेडसेट लावून रडारसमोर बसलेला माणूस येतो, तसं काहीही नाही. आमच्यासमोर असतं आर्म्स नावाचं सॉफ्टवेअर, दिसायला अत्यंत कुरूप, आणि त्यात प्रत्येक पायलट, लोडमास्टर (विमानातला माल सांभाळणारा), फ्लाइट डॉक (क्रूचा डॉक्टर) यांची उडण्याची कुंडली. मेडिकल कधी संपतंय, अल्टिट्यूड चेंबरचं फिजिओलॉजिकल ट्रेनिंग कधी झालं, सर्व्हायव्हल ट्रेनिंग, रात्रीची लँडिंग्ज, एअर रिफ्युएलिंग शेवटचं कधी केलं, नवीन सूचनांची फाइल वाचून सही केली की नाही. क्रू विमानाकडे निघायच्या आधी आमच्याकडे गो/नो-गो होतो. सगळं हिरवं असेल तर जा. एक जरी लाल असेल तर थांबा, किंवा ज्याला तो अधिकार आहे त्याची सही आणा.

आता यातली खरी गंमत ऐका. तुम्ही असता सिनियर एअरमन, म्हणजे उतरंडीत बऱ्यापैकी खालच्या पायरीवर, आणि काउंटरच्या पलीकडे उभा असतो लेफ्टनंट कर्नल, वीस वर्षं उडवतोय, बाहेर क्रू बस उभी आहे, आणि तुमच्या स्क्रीनवर त्याचं फिजिओलॉजिकल लाल दिसतंय. तो म्हणतो, "अगं गेल्याच आठवड्यात करून आलो की." तुम्ही म्हणायचं, "सर, सर्टिफिकेट द्या, आत्ता टाकते." तो म्हणतो घरी राहिलं. मग तुम्ही म्हणायचं, "सर, मग कोणाला तरी फोटो काढून पाठवायला सांगा, किंवा ट्रेनिंगवाल्यांना फोन करूया, तोपर्यंत ऑथरायझेशनवर तुमचं नाव जात नाही." आवाज न चढवता आणि नजर खाली न घालता हे बोलता आलं पाहिजे. सॉफ्टवेअर महिनाभरात शिकवता येतं हो, हे येत नाही. मी नवीन पोरांना आधी हेच बघते.

दुसरं मोठं काम म्हणजे ७८१ चे फॉर्म. उडून आल्यावर क्रू तो फॉर्म देतो, कोण किती वेळ प्रत्यक्ष कंट्रोल्सवर होता, किती वेळ नुसता सीटवर, इन्स्ट्रक्टर म्हणून किती, रात्रीचे किती, आणि सगळं तासाच्या दहाव्या भागात. ते आर्म्समध्ये आमच्या हातून जातं. कंटाळवाणं वाटतंय ना? पण त्याच आकड्यांवर माणूस एअरक्राफ्ट कमांडर कधी होणार ते ठरतं, फ्लाइंगचा भत्ता चालू राहणार की बंद होणार ते ठरतं, आणि आमच्यातले अर्धे पायलट एअरलाइनमध्ये जायच्या तयारीत असतात त्यांना तर एकेक दशांश मोलाचा. सिव्हिलियन माणसाला एअरलाइन पायलटच्या लायसन्सला १५०० तास लागतात, मिलिटरी पायलटला ७५० वर रिस्ट्रिक्टेड, म्हणजे मर्यादित, लायसन्स मिळतं, त्यामुळे ०.३ कुठे गेले म्हणून माझ्याशी तावातावाने भांडलेला कॅप्टन मी पाहिलाय.

आता वीकेंडचं. रिक्रूटर खोटं बोलला नाही, पण त्याने किमान सांगितलं, कमाल नाही सांगितलं. यूटीए, म्हणजे महिन्याचा ड्युटीचा वीकेंड, त्यात चार ड्रिल पिरियड, दर पिरियडला महिन्याच्या बेसिक पगाराचा तिसावा भाग, म्हणजे दोन दिवस काम करून चार दिवसांचा बेसिक. इथवर ठीक. पण विमानं काही फक्त तुमच्या वीकेंडला उडत नाहीत. रिझर्व्हचे क्रू आठवड्यातही येऊन उडतात, त्यांना त्यासाठी वेगळे पगारी फ्लाइंग पिरियड मिळतात, आम्हाला डेस्कवाल्यांना ते मिळत नाहीत. मधले दिवस सांभाळतात एआरटी, म्हणजे तेच लोक जे आठवडाभर सरकारी सिव्हिलियन नोकर आणि वीकेंडला युनिफॉर्ममध्ये. मग यूटीएच्या शनिवारी काय होतं, तर महिनाभर न दिसलेले लोक एकाच सकाळी उगवतात, कोणाचं रेकॉर्ड रिव्ह्यू राहिलंय, कोणाला तासांच्या रिपोर्टवर सही करायचीय, कोणी खिशातून चुरगळलेला फॉर्म काढतो, त्यात दोन सॉर्टी (उड्डाणं) व्हायच्या असतात, त्यात कमांडरची मीटिंग. आमच्याच ऑफिसचं स्वतःचं ट्रेनिंग, फिटनेस टेस्ट, दाताचं चेकअप हेही त्याच दोन दिवसांत कोंबायचं. पार्ट-टाइम आहे म्हणून काम निवांत असेल असं समजू नका, उलट फुल-टाइमवाल्यांचं महिनाभर पसरलेलं काम आपल्याकडे दोन दिवसांत येऊन आदळतं. माझी माणसं चांगली आहेत म्हणून टिकून आहे, नाहीतर कठीण आहे.

अजून एक, रिझर्व्हपुरतंच लागू होणारं. क्रू रेस्टचा नियम असा की उडायच्या ड्युटीआधी किमान १२ तास विश्रांती, त्यात ८ तास सलग झोपेची संधी. सी-१७ च्या साध्या क्रूचा ड्युटीचा दिवस १६ तासांचा धरतात, जादा पायलट घेतला तर २४. पण आमचा पायलट सकाळी आठला स्वतःच्या इंजिनिअरिंगच्या नोकरीवर गेला आणि संध्याकाळी इथे लोकल सॉर्टीला आला, तर त्याचं घड्याळ आमच्याकडे नाही, तिकडे सकाळी आठला चालू झालेलं असतं. त्यामुळे "ऑफिस किती वाजता गाठलंस आज?" हा प्रश्न आम्हाला विचारावा लागतो. ॲक्टिव्ह ड्युटीच्या डेस्कवरच्या मुलाला हा प्रश्न सुचणारही नाही.

ट्रेनिंगचं विचारलं नाहीत तरी सांगते, कारण तिथेच नोकरीवाल्यांची गोची होते. पूर्वी सैन्यात नसाल तर आधी टेक्सासात लॅकलंडला बेसिक, साडेसात आठवडे, मग मिसिसिपीत कीस्लरला टेक स्कूल, आणि परत आल्यावर युनिटकडे पैसे असतील तर सीझनिंग म्हणून अजून काही काळ फुल-टाइम ऑर्डर्सवर ठेवतात म्हणजे हात बसतो. हे सगळं सलग. म्हणजे पहिल्या वर्षात काही महिने तुम्ही घरी नाही, हे बायकोला आत्ताच सांगा. (कीस्लरला गेलात तर सी-१३० ची ती हरिकेन हंटर्सची विमानं बघून घ्या, ५३ वी वेदर स्क्वाड्रन, थेट चक्रीवादळात घुसवतात. ती माणसंही रिझर्व्हिस्टच. मी जेवायच्या सुट्टीत कुंपणाशी जाऊन बघत उभी राहायचे.)

धावपट्टी:
कागदी ताईंनी मस्त लिहिलंय, वरची लेफ्टनंट कर्नलची गोष्ट तर अगदी डिट्टो. मी एअर नॅशनल गार्डमध्ये एअरफील्ड मॅनेजमेंटला आहे, १सी७एक्स१. पतंगवाले दादा, रिक्रूटरला हाही ट्रेड विचारा, कारण बरेच जण दोन्हींत गल्लत करतात. ताईंचं काम माणसांचं आहे, आमचं जमिनीचं. धावपट्टी उघडायच्या आधी गाडीतून पूर्ण फिरून बघायची, कुठे नट पडलाय, काँक्रीटचा तुकडा निघालाय, टायरचं रबर आहे, दिवे लागतायत का, कडेला पक्षी किती. इंजिनात एक बोल्ट गेला तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. काही बंद असेल, समजा टॅक्सीवेचं काम चालू आहे, तर नोटॅम (पायलटांसाठीची सूचना) आम्ही टाकायचा. बाहेरून येणाऱ्या विमानाला परवानगीचा नंबर द्यायचा, पार्किंग कुठे, इंधन कोण देणार, फ्लाइट प्लॅन आला की पुढे पाठवायचा. उन्हात, पावसात, बर्फात बाहेर. डेस्कवर बसून कंटाळणारा माणूस असाल तर हे बरं, नाहीतर ते बरं.

गार्ड आणि रिझर्व्हमधला फरक पण लक्षात घ्या. रिझर्व्ह ही पूर्णपणे फेडरल. गार्ड राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखालीही असते, पूर आला, वणवा लागला, वादळ आलं की राज्य बोलावतं, आणि वरून फेडरल ऑर्डर्स येतात त्या वेगळ्याच. म्हणजे दोन मालक. मला आवडतं, कारण आपल्याच भागातल्या लोकांसाठी काहीतरी केल्यासारखं वाटतं, पण पहाटे फोन येतो तेव्हा तेवढं आवडत नाही.

बिनधास्त_बंड्या:
एवढं शिकूनसवरून सैन्यात जाऊन कारकुनी? वर्षाला मिळणार किती? तेवढ्या वीकेंडांत एखादं सर्टिफिकेशन केलं तर जास्त पगारवाढ होईल. रागावू नका, हिशोब म्हणून विचारतोय.

कागदी_विमान:
बंड्या, रागावत नाहीये, हिशोब म्हणूनच उत्तर देते. नुसत्या ड्रिलच्या पैशाकडे बघून कोणी यायचंच नाही, सुरुवातीच्या रँकला ते खरंच किरकोळ आहेत आणि बेस लांब असेल तर पेट्रोलमध्ये बराच भाग जातो. पैशाचा खरा मुद्दा आरोग्य विमा आणि पेन्शन. ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट या रिझर्व्हवाल्यांच्या विम्याचा हप्ता ऑफिसच्या फॅमिली प्लॅनपेक्षा खूपच कमी. फक्त तुम्ही स्वतः फेडरल सरकारी नोकर असाल तर तो सध्या मिळत नाही, ती अट २०३० ला जाणार आहे. पेन्शन पॉइंट्सवर आहे, नुसतं मेंबर असल्याचे वर्षाला १५, दर ड्रिलला १ म्हणजे वर्षाचे ४८, शिवाय दोन आठवड्यांच्या टूरचा दिवसाला १, आणि वर्षाला ५० झाले की ते वर्ष धरलं जातं. अशी २० वर्षं भरली की साधारण ६० व्या वर्षापासून पेन्शन. पतंगवाल्यांचं वय ३६, म्हणजे खंड न पडता केलं तर ५६ ला बसतंय, पण फार रेंगाळले तर गणित अंगावर येईल. भरतीची वयोमर्यादा एअर फोर्सने २०२३ मध्ये ४२ केली, पण ती फक्त आत येण्यापुरती.

आणि "कारकुनी" म्हणाल तर हो, कारकुनीच आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूलमधून माणसं काढत होते तेव्हा रिझर्व्ह आणि गार्डचेही क्रू उडत होते. त्या प्रत्येक क्रूचं ऑथरायझेशन कोणीतरी कारकुनानेच काढलं होतं.

रविवारची_एकटी:
नवरा रिझर्व्हमध्ये आहे, मी नाही, त्यामुळे काउंटरच्या अलीकडून बोलते. पतंगवाले, बायको "माहिती काढ" म्हणतेय तर तिला इथलंच वाचायला द्या.

एक वीकेंडचा त्रास काही नसतो, त्याची सवय होते. त्रास होतो तो कधी कोणता वीकेंड हे वर्षाच्या सुरुवातीला कळूनही तो नेमका आपल्या कार्यक्रमावर येतो त्याचा. आणि ऑर्डर्सचा, म्हणजे फुल-टाइम ड्युटीवर बोलावण्याचा. राष्ट्राध्यक्षांना कलम १२३०४ खाली रिझर्व्हला ३६५ दिवसांपर्यंत बोलावता येतं, राष्ट्रीय आणीबाणी असेल तर १२३०२ खाली २४ महिन्यांपर्यंत. दर वेळी तसं होतं असं नाही, बऱ्याचदा काही महिन्यांची फेरी (बाहेरची नेमणूक) असते आणि आधी कळतं. पण "आमचा ट्रेड डेस्कचा आहे, आम्हाला कोण नेतंय" हे मात्र डोक्यातून काढा. विमानं जिथे जातात तिथे ऑप्सचं डेस्कही जातं. कतार असो नाहीतर कुवेत, तिथेही कोणीतरी गो/नो-गो करतच असतं.

आमच्याकडे पहिल्यांदा ऑर्डर्स आल्या तेव्हा मला सगळ्यात जास्त मनस्ताप कसला झाला असेल तर पगाराच्या मधल्या खड्ड्याचा. सिव्हिलियन पगार बंद, मिलिटरी पगार सुरू व्हायला थोडा वेळ, आणि घराचा हप्ता कोणासाठी थांबत नाही. तेव्हापासून दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय मी झोपत नाही. पॉवर ऑफ ॲटर्नी करून ठेवा, तो बेसवरच्या लीगल ऑफिसात फुकट होतो. आणि बँकेचे, विम्याचे, मुलांच्या शाळेचे सगळे पासवर्ड बायकोला माहीत असू द्या, फोनमधल्या फोनमध्ये नकोत.

बाकी माणूस म्हणाल तर नवरा तिथून आला की खुशीत असतो. हे मला बराच काळ कळलं नव्हतं. ऑफिसात त्याला कोणी विचारत नाही, तिथे विचारतात. एवढंच.

नियमावली:
एक गोष्ट कोणीच बोललं नाही आणि ती पतंगवाल्यांना सगळ्यात जास्त लागू आहे. ओसीआय. भारताच्या गृह मंत्रालयाच्या ओसीआयच्या माहितीत स्पष्ट लिहिलंय की परदेशी सैन्यातली व्यक्ती, सेवेत असो की निवृत्त, ओसीआयला पात्र नाही. तिथे पार्ट-टाइम वगैरे असा वेगळा खण नाही, रिझर्व्हिस्ट हा सैन्यातलाच. तुमच्याकडे कार्ड आधीच आहे, त्यामुळे भरतीच्या कागदावर सही करायच्या आधी कॉन्सुलेटला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. माझ्या ओळखीत ज्यांनी हा रस्ता घेतला ते आता भारतात व्हिसा काढून जातात. आई-वडील तिकडे असतील, नावावर जमीन-फ्लॅट असेल, पुढेमागे तिकडे राहायचा विचार असेल तर हा छोटा प्रश्न नाही. रिक्रूटरला यातलं काही माहीत नसतं आणि त्याचा दोषही नाही.

दुसरं, क्लिअरन्स (गोपनीय कामासाठीची सुरक्षा मंजुरी) लागला तर एसएफ-८६ नावाचा भलामोठा फॉर्म भरावा लागतो. परदेशातले नातेवाईक, तिथली मालमत्ता, बँक खाती, गेल्या काही वर्षांतले प्रवास, सगळं. भारतात भाऊ-बहीण असणं ही अडचण नाही, लपवणं ही अडचण आहे. भारतातल्या एनआरओ बँक खात्यात पडून राहिलेले थोडे पैसेसुद्धा लिहा. आणि नंतर भारतात जाताना सुट्टी मंजूर झाली म्हणून विमानात बसायचं नाही, आधी युनिटच्या सिक्युरिटीवाल्याला परदेश प्रवास कळवायचा.

रांगेत_उभा:
मध्येच घुसतोय. एच-१बी वर असलेल्यांना काही चान्स? ग्रीन कार्डची रांग कधी संपेल देव जाणे.

नियमावली:
नाही. एनलिस्ट व्हायला किमान ग्रीन कार्ड लागतं, ऑफिसर व्हायला सिटिझनशिपच. पूर्वी मावनी नावाची योजना होती, विशिष्ट भाषा येणाऱ्या किंवा डॉक्टर असणाऱ्या व्हिसावाल्यांना घ्यायचे, ती २०१६ पासून बंद आहे. कोणी एजंट "अजून चालू आहे" म्हणाला तर फोन ठेवून द्या. ग्रीन कार्ड मिळाल्यावर मात्र बघा, सिलेक्टेड रिझर्व्हमध्ये असताना कलम ३२९ खाली सिटिझनशिपचा अर्ज लवकर करता येतो आणि त्या अर्जाला (फॉर्म एन-४००) फी नाही. फक्त ज्या ट्रेडला सीक्रेट क्लिअरन्स लागतो ते तोपर्यंत बंद असतात.

पतंगवाला:
बापरे, ओसीआयचं हे मला अजिबात माहीत नव्हतं, रिक्रूटरने चकार शब्द काढला नाही. वडील तिकडे एकटे असतात आणि वर्षातून एकदा तरी जाणं होतंच, त्यामुळे कॉन्सुलेटला आजच मेल टाकतोय, उत्तर आल्याशिवाय पुढे काही नाही. बायकोला वरचं सगळं वाचायला दिलं, ती फक्त "पासवर्ड" एवढंच म्हणाली 😄

कागदी ताई, ऑफिसचं राहिलं. आमच्याकडे मॅनेजर माणूस बरा आहे पण एचआर खडूस आहे. आणि काही महिने ट्रेनिंगला गेलो तर परत येईपर्यंत खुर्ची राहील का?

कागदी_विमान:
राहील, आणि ती मेहेरबानी नाही, कायदा आहे. युसेरा, १९९४ चा. थोडक्यात सांगते. आधी कळवायचं, शक्यतो लेखी. तुमच्या पगारी सुट्ट्या वापरा असं ते सांगू शकत नाहीत, तुम्हाला वापरायच्या असतील तर वापरा. पगार देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, काही कंपन्या फरक देतात, तुमच्या पॉलिसीत बघा. ३० दिवसांपर्यंत गेलात तर घरी पोचून ८ तास विश्रांती झाल्यावर पुढच्या शिफ्टला हजर व्हायचं. ३१ ते १८० दिवस असेल तर परत आल्यावर १४ दिवसांत अर्ज, त्याहून जास्त असेल तर ९० दिवसांत. आणि परत येताना जिथे सोडलं तिथे नाही, तर तुम्ही तिथेच असता तर जिथे पोचला असता त्या जागेवर. एका मालकाकडे एकूण ५ वर्षांची मर्यादा आहे पण महिन्याचे ड्रिल, वार्षिक टूर हे त्यात धरत नाहीत.

आता कायद्याच्या बाहेरचं, जे जास्त महत्त्वाचं. एचआरला पहिल्याच मेलमध्ये कलमं फेकून मारू नका. आधी मॅनेजरशी बोला, वर्षभराच्या यूटीएच्या तारखा हातात आल्या की त्याच दिवशी त्याला द्या, ऑर्डर्सची कॉपी मागायच्या आधी पाठवा. माझ्या आधीच्या एका नोकरीत, नाव नको, मला दर महिन्याला "पुन्हा?" असं ऐकवायचे. मी ईएसजीआरला फोन केला, ती डिफेन्स डिपार्टमेंटचीच संस्था, त्यांचे स्वयंसेवक मध्ये पडून बोलतात, वकील नाही काही नाही. दोन फोनमध्ये "पुन्हा?" बंद झालं. माणसं मनापासून वाईट नव्हती, त्यांना नियमच माहीत नव्हते.

धावपट्टी:
त्यात एक पुस्ती. बेस घरापासून १०० मैलांपेक्षा लांब असेल आणि रात्र काढायला लागत असेल तर प्रवासाचा, राहण्याचा जो खर्च परत मिळत नाही तो टॅक्समध्ये वजा करता येतो, आयटमाइझ न करताही. टॅक्सवाल्याला फॉर्म २१०६ म्हणा, रिझर्व्हिस्ट म्हणून. बऱ्याच टॅक्सवाल्यांना हे सांगावं लागतं. आणि बऱ्याच युनिट्समध्ये लांबून येणाऱ्यांना यूटीएच्या रात्री बेसवरची खोली फुकट मिळते, विचारा.

कागदी_विमान:
आणि कॉन्सुलेटचं उत्तर मनासारखं आलंच, तर रिक्रूटरला नाही, युनिटलाच गाठा. त्याला म्हणा मला सही करायच्या आधी एका यूटीएला येऊन सार्ममध्ये बसायचंय. चांगली युनिट्स येऊ देतात, एस्कॉर्ट देऊन का होईना. शनिवारी सकाळी या, दुपारी नाही. गेल्यावर तीन गोष्टी विचारा, डेस्कवर एआरटी किती आणि जागा किती रिकाम्या, सीझनिंगचे दिवस खरंच मिळतात का, आणि शेवटची फेरी कधी गेली नि पुढची कधी आहे. या तिन्हींची उत्तरं जो गुळमुळीत देईल तिथे सही करू नका, दुसरं युनिट बघा. ट्रेड तोच, पण एका ठिकाणी तीन माणसं डेस्कवर आणि दुसरीकडे एकटी मुलगी पूर्ण स्क्वाड्रन ओढतेय असं असतं.

पतंगवाला:
हे बेस्ट. यूटीएला बसायचं म्हणून मेल लिहून ठेवतोय, कॉन्सुलेटचं आलं की पाठवेन. ताई, ॲसवॅबच्या, म्हणजे भरतीच्या परीक्षेच्या, तयारीला काय वापरलंत? गणित सुटून जमाना झाला.

कागदी_विमान:
लायब्ररीतलं जाडजूड प्रॅक्टिसचं पुस्तक, आणि अपूर्णांक. खरंच, अपूर्णांक करा, बाकी शेड्युलिंगवाल्याला अवघड नाही. तिथे कॅल्क्युलेटर देत नाहीत.